केबिन गार झाली, पण गाडी लावायची कुठं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. चांगलं झालं. पण आमच्याकडं मोंढ्याजवळच्या, म्हणजे शेतमालाच्या बाजाराजवळच्या, चहाच्या हॉटेलात यावर जे बोलणं ऐकलं, त्यानं माझं डोकं फिरलं, म्हणून हे पत्र. दोघं-तिघं जाणते गृहस्थ म्हणत होते, "ड्रायव्हरला गार हवा लागली की तो झोपणार अन् गाडी खड्ड्यात घालणार." मी एस.टी.चा निवृत्त चालक आहे. औंढा, हिंगोली, परभणी, नांदेड आणि पुढं लांब पल्ल्याच्या रातराण्या, सगळं चालवून झालंय. झोप गार हवेनं येत नाही, झोप झालेली नसते म्हणून येते. गरम केबिनमध्येही येते, आणि तिथं ती जास्त वाईट, कारण उन्हानं माणूस आधीच पिळून निघालेला असतो.

हे नुसतं जुन्या नोकरीच्या जोरावर बोलत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात मी भाच्याच्या ट्रकमध्ये बसून हिंगोली जिल्ह्यातून थेट अमृतसरला जाऊन आलो. भाच्याची स्वतःची दहा टायरी गाडी आहे, हप्त्यावर घेतलेली, २०१९ची. म्हणजे नव्या नियमाचा तिला काही उपयोग नाही, आणि रस्त्यावर आज ज्या गाड्या पळतात त्यातल्या बहुतेकींना नाही. त्याचा क्लिनर लग्नसराईत गावाकडं गेला तो परत आलाच नाही. तसेही आता क्लिनर कमीच झालेत. भाड्यात दोन माणसांचा खर्च निघत नाही, म्हणून ड्रायव्हर एकटाच गाडी पळवतो. बहिणीचा फोन आला, "दादा, लेकरू एकटंच चाललंय एवढ्या लांब. तुला तरी घरी काय काम हाय?" अशा रीतीनं साठी ओलांडल्यावर मी क्लिनर झालो. तिथलं दरबार साहिब, म्हणजे सुवर्णमंदिर, बघायची इच्छा होतीच. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात ज्याचं लहानपणापासून जाणं-येणं आहे त्याला ती असतेच.

माल हळदीचा. वसमतच्या हळदीला त्याच साली भौगोलिक मानांकन मिळालं होतं आणि भावही बरा होता, त्यामुळं बाजार तेजीत. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. बाजारात येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो आणि बाहेरच्या राज्यात जाईपर्यंत मे. म्हणजे आमच्या जिल्ह्याचं सोनं बाहेर पडतं ते ऐन रोहिणीच्या उन्हात.

गाडी भरायला सकाळी लवकर या, असा निरोप होता. गेलो. हमाल दुसऱ्या गाडीवर, काट्यावर रांग. त्या मोंढ्याचं नाव घेत नाही, कारण बहुतेक मोंढ्यांत हाच प्रकार आहे. लिलावाच्या शेडखाली मालाला सावली असते, ती असलीच पाहिजे. आडत्यांच्या गादीवर कूलर असतो. हमालांना टेकायला ओटा असतो. ड्रायव्हर कुठं बसतो ते बघायचं असेल तर खाली वाकावं लागतं. मागच्या चाकांमध्ये ताडपत्रीचा तुकडा अंथरून भाचा गाडीखाली पडला होता. डोळा लागला की कोणीतरी टायरवर थाप मारून "ओ, गाडी पुढं घ्या" म्हणायचं. पोती चढून, ताडपत्री ओढून, रस्सा आवळून काटा झाला तेव्हा दिवे लागले होते. मुनीमजींनी बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात देताना सांगितलं, "चौथ्या दिवशी माल पोचला पाहिजे, नाही तर भाड्यातून कापतील."

म्हणजे दिवसभर जागून झाल्यावर ड्रायव्हरचं काम सुरू झालं. त्या दिवसाची नोंद कोणत्याच कागदावर नाही. कागदाचं म्हणाल तर ई-वे बिलाला, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या परवान्याला, दर २०० किलोमीटरमागं एक दिवस मुदत मिळते, २०२१ पासून तसा नियम आहे. अमृतसर आमच्याकडून साधारण अठराशे किलोमीटर. कागदाला नऊ-दहा दिवस आणि माणसाला चार!

नोकरीत असताना १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा आम्हाला तोंडपाठ असायचा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती. लांब पल्ल्याला थोडी सवलत. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार ठेवणाऱ्या धंद्यासाठी होता. भाचा स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. त्यानं विश्रांती कोणाकडं मागायची? बँकेकडं?

वारंगा फाटा, उमरखेड, महागाव, यवतमाळ, वर्धा करत पहाटे बुटीबोरी गाठली. रस्ता आता देखणा झालाय, त्याबद्दल तक्रार नाही. आमच्या काळात याच भागात कमानपाटे तुटायचे. पण सरळ, गुळगुळीत काँक्रीटवर रात्री दोन ते पाच या वेळात ड्रायव्हरला जागं ठेवायला काही उरलेलं नाही. रस्ता रुंद करताना जुन्या चिंचा, वड, कडुलिंब गेले. दुभाजकात कण्हेर लावलीय. तिच्या सावलीला शेळीसुद्धा बसत नाही. दुपारी गाडी बाजूला घ्यायची म्हटलं तर सावली फक्त उड्डाणपुलाखाली, आणि तिथं आधीच चार गाड्या उभ्या असतात.

देवलापार ओलांडल्यावर पेंचचं जंगल लागतं. तिथं रस्ता खांबांवर उचललेला आहे, खालून वाघ, हरणं, रानगवे ये-जा करतात. वन खात्याचे लोक, कोर्टकचेऱ्या, तज्ज्ञ सगळ्यांनी डोकं लावून ते काम झालं आणि ते फार चांगलं झालं. मला वाघाचा हेवा वगैरे वाटला नाही. पण एवढं नक्की कळलं की ठरवलं तर आपल्याकडं महामार्ग बांधताना कोण कुठून जातो, कुठं थांबतो याचा बारीक विचार होऊ शकतो. जनावर कुठल्या नाल्यातून पाण्यावर जातं हे मोजून पूल बांधला. ड्रायव्हर कुठं झोपतो हेही तसंच मोजता येईल.

सिवनी, लखनादौन, नरसिंहपूर, मग नर्मदा. भाच्यानं पुलावरूनच हात जोडले. सागरच्या पुढं बुंदेलखंडात एका जुन्या ढाब्यावर थांबलो. मालक म्हातारा. आमचं मामा-भाच्याचं नातं कळल्यावर तो हसायलाच लागला. त्यांच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडतो, भाच्याला काम सांगणं पाप. "और आप भांजे से गाड़ी चलवा रहे हो!" म्हणाला. भाच्यानं ही गोष्ट पुढं अमृतसरपर्यंत लावून धरली. चाकाखाली ओंडका लावायची वेळ आली की मला म्हणायचा, "मामा, आपण बुंदेलखंडात आहोत." तिथं बाजेवर अंग टाकलं, वर आंब्याचं झाड, कडेला हौद. जेवलं की झोपायचे पैसे नाहीत. ट्रकवाल्यांची विश्रांतिगृहं म्हणजे पिढ्यान् पिढ्या हे ढाबेच होते. आता चौपदरीकरणात रस्ता वर गेला, ढाबा खाली सर्व्हिस रोडवर राहिला. उतरायची वाट दोन किलोमीटर आधी असते. ती चुकली की ढाबा गेला. दिल्लीला वळसा घालणाऱ्या द्रुतगती मार्गावर तर बाजेचा प्रश्नच नाही.

ललितपूर, झाशी, दतिया, ग्वाल्हेर या पट्ट्यात पारा ४५ च्या वर होता. तिकडं या दिवसांना नौतपा म्हणतात, सूर्य रोहिणीत गेल्यावरचे पहिले नऊ दिवस. आपल्याकडं रोहिणी म्हटलं की शेतकरी आभाळाकडं बघतो, तिकडं लोक दारं लावून बसतात. केबिनमध्ये खालून इंजिनाचा ताव, वरून पत्रा, समोरून काच. बहिणीनं दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, पण खायची वासना होत नव्हती. पाण्याची कापडी पिशवी, छागळ, आरशाला टांगलेली, तिच्यातलं पाणी तेवढं गार. मी आग्रह करकरून भाच्याला पाणी पाजत होतो आणि तो टाळत होता. का, ते मला आधीच ठाऊक होतं, आम्हीही तेच करायचो. पाणी प्यालं की लघवीला थांबावं लागतं, आणि अठरा टन माल घेऊन थांबायला जागा नसते. माझ्या बरोबरीच्या कितीतरी चालकांना मुतखड्यानं गाठलं ते यातूनच. एसी आला तरी हे सुटत नाही. महिला ट्रक चालवायला पुढं येतायत म्हणून आपण कौतुकानं फोटो छापतो. त्यांनी काय करायचं हे कोणी लिहीत नाही.

टायरचंही तेच. दर दोन-तीन तासांनी उतरून टायर ठोकून बघायचे, हात लावून तापलेत का बघायचं, बघून थोडं थांबायचं. तापल्यावर हवेचा दाब वाढतो, म्हणून काही जण तिथंच हवा सोडतात. ते चूक, मग टायर बसका चालतो आणि आणखी तापतो. थांबून थंड होऊ देणं हाच इलाज. टायर थंड करायला जेवढी जागा लागते, तेवढ्याच जागेत माणूसही थंड होतो.

एका रात्रीचं सांगतो. राज्य सांगत नाही. भाच्याच्या डोळ्यांत लाली आलेली. मी म्हटलं, आता थांब. तो म्हणाला, "मामा, मलाबी झोप यायली, पण लावू कुठं?" एका मोठ्या झगमगत्या विश्रांती संकुलात गाडी वळवली. खाण्याची दुकानं, मुलांची घसरगुंडी, चकचकीत स्वच्छतागृह. रखवालदार पळत आला, ट्रक आत नाही, गाडी मागं घ्या. अठरा टन घेऊन मागं घ्या! पुढच्या पंपावर गेलो. तिथं डिझेल भरणाऱ्यालाच थांबू देतात, आणि टाकी तर आम्ही नुकतीच भरलेली. शेवटी रस्त्याच्या कडेला, वजनकाट्याच्या बंद टपरीसमोर गाडी लावली. भाचा झोपला, मी बॅटरी आणि डिझेलच्या टाकीवर नजर ठेवून जागा राहिलो, कारण निवांत जागी उभ्या गाडीचं डिझेल कसं जातं हे सगळ्यांना माहीत आहे. मी सोबत नसतो तर तो अर्ध्या डोळ्यानं झोपला असता, आणि सकाळी त्याच डोळ्यानं गाडी चालवली असती. महामार्गाच्या कडेला लावलेल्या ट्रकवर मागून कार आदळली अशी बातमी आपण वाचतो आणि ट्रकवाल्याला शिव्या देतो. दिवे, त्रिकोण न लावता उभं राहणं चूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण तो तिथं का उभा होता, हा प्रश्न बातमीत नसतो.

धोलपूर, आग्रा, मथुरा आम्ही खिडकीतूनच बघितलं. ताजमहाल बघायला गाडी कुठं लावणार? कर्नालच्या बाजूला जुना कोस मिनार दिसला. बादशाही काळात कोसाकोसाला असा खांब, ठरावीक अंतरावर सराई, विहीर, झाडं, असा या दिल्ली-लाहोर रस्त्याचा थाट होता. आपल्याकडं त्याची नवलाई नाही. चौंडीच्या अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या वाटसरूंसाठीच. मराठवाड्यात तर गावोगावी बारवा आहेत. चालणारा माणूस तहानतो, दमतो, हे तेव्हाच्या राज्यकर्त्यांना वेगळं सांगावं लागत नव्हतं.

अंबाल्याच्या पुढं हरियाणा-पंजाबच्या शंभू सीमेवर शेतकरी आंदोलनामुळं महामार्ग फेब्रुवारीपासूनच बंद होता. सगळी जड वाहतूक आडरस्त्यानं, गावागावांतून. भाचा वैतागला, मी म्हटलं बरं झालं, निदान झाडं तरी दिसतायत.

पंजाबात शिरल्यावर रस्त्यात पोरं आडवी आली. मला वाटलं वर्गणी मागतायत. त्यांच्या हातात स्टीलचे पेले होते, गुलाबी, गार, दुधाचं सरबत. पाचवे गुरू अर्जुनदेव यांना १६०६ साली लाहोरला तापलेल्या तव्यावर बसवून, अंगावर तापलेली वाळू टाकून छळलं असं सांगतात. त्यांचा शहीदी दिवस ऐन उन्हाळ्यात येतो, म्हणून त्या दिवसांत जागोजागी वाटसरूंना गार पाणी-सरबत पाजायचं. याला छबील म्हणतात. नांदेडकरांना मी हे सांगायला नको. ट्रक, बस, मोटारसायकल, सायकल, कोणाला सोडत नाहीत. एका छबीलीवर तर एका सरदारजींनी भाच्याला केबिनमधून खाली उतरवलं, झाडाखाली सतरंजीवर बसवलं आणि तोंडावर पाणी मारायला लावलं. म्हणाले, "पहले आराम, फिर गड्डी." पुढचा सगळा रस्ता भाचा शिट्टी वाजवत होता. आपल्याकडंही पाणपोया होत्या, लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण होते. चौपदरी रस्त्याला लोखंडी कठडे आले आणि रांजणापाशी थांबायची सोयच राहिली नाही.

अमृतसरला माल शहराबाहेर उतरवला, कारण दिवसा शहरात ट्रकला बंदी. एक दिवस उशीर झाला होता, त्याचे पैसे कापले गेले. दरबार साहिबचं वर्णन करत नाही, ते ज्यानं त्यानं बघावं. लोकसभेचा निकाल लागला त्या दिवशी आम्ही लुधियानाच्या ट्रान्सपोर्ट नगरात परतीच्या भाड्याची वाट बघत बसलो होतो. सगळे ड्रायव्हर एका चहावाल्याच्या छोट्या टीव्हीभोवती. कोण आलं, कोण पडलं याची चर्चा जोरात, पण कोणत्याच पक्षाच्या तोंडी आपलं नाव नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. नागपूरपर्यंत सायकलच्या सुट्या भागांचं भाडं मिळालं.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. २ फेब्रुवारी २०२४ ला दिल्लीतल्या वाहन प्रदर्शनात पंतप्रधानांनी ट्रक आणि टॅक्सी चालकांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांती इमारतींची घोषणा केली. तेल कंपन्यांच्या काही पंपांवर 'अपना घर' नावाची, खाटा आणि अंघोळीची सोय असलेली विश्रांतिगृहं आहेत. भाच्याच्या मोबाइलवर त्यांची यादी आहे आणि जिथं ती आहेत तिथं तो आवर्जून थांबतो. राष्ट्रीय महामार्गांवर दर ४० ते ६० किलोमीटरला प्रवासी सुविधा देण्याचं धोरणही आहे. पण सुविधा म्हणजे कारवाल्यांचं उपाहारगृह असा अर्थ निघाला की ट्रकवाला गेटवरूनच परत. माझं म्हणणं एवढंच, की अशा प्रत्येक संकुलाच्या करारात जड वाहनांच्या जागेचा आकडा लिहिलेला असावा आणि तो फाटकावर मोठ्या अक्षरांत लावावा.

दिल्लीचं दिल्लीला. आपल्या जिल्ह्यातलं तर आपल्या हातात आहे. पुढचा हळदीचा हंगाम येईल तेव्हा हिंगोली, नांदेड, परभणी जिल्ह्यांतल्या बाजार समित्यांनी आवारात ड्रायव्हरसाठी एक पत्र्याचं शेड घालावं, आठ-दहा बाजा, दोन पंखे, दोन न्हाण्या, शौचालय, गार पाण्याची टाकी. सेस गोळा होतो त्या मानानं हा खर्च काहीच नाही. गाडी भरायची वेळ चिठ्ठीवर लिहून द्यावी आणि त्या वेळेनंतर गाडी ताटकळली तर थांबल्याचे पैसे मालधन्यानं द्यावेत. ते पैसे द्यावे लागले की हमालही वेळेवर येतील आणि काटाही मोकळा मिळेल, हे मी अनुभवानं सांगतो. ड्रायव्हर गाडी भरेपर्यंत झोपला, तर रात्री दोन वाजता महागावच्या पुढं त्याला कोणी जागं ठेवायची गरज नाही. नांदेड-यवतमाळ आणि नांदेड-हिंगोली-अकोला या दोन्ही महामार्गांवर, आमच्या हद्दीत, ट्रक बाजूला घेता येतील असे प्रशस्त थांबे हवेत, आणि तिथं कण्हेर नव्हे, कडुलिंब आणि चिंच लावावी. ती वाढायला दहा वर्षं लागतील, म्हणून याच पावसाळ्यात लावावी.

हे पत्र वाचून कोणत्या बाजार समितीनं बैठक बोलावलीच तर मी स्वखर्चानं येईन. भाच्यालाही आणीन, त्या दिवशी त्याला भाडं नसेल तर.

आपला,
एक निवृत्त एस.टी. चालक,
कळमनुरी, जि. हिंगोली